मग माध्यम कुठलं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतोय असं पुण्या-मुंबईत सांगितलं, तर समोरचा विचारतो, 'मग मित्र कुठून मिळणार?' बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत हेच सांगितलं तर मित्रांची काळजी कुणी करत नाही. गल्ली पोरांनी भरलेली असते. इथला पहिला प्रश्न ठरलेला आहे: 'मग माध्यम कुठलं?'

प्रश्न काही वेडा नाही. सीमाभागात मूल साडेपाच वर्षांचं झालं की घरात जी चर्चा सुरू होते, ती शाळेची नसतेच, माध्यमाची असते. शिक्षक कसे आहेत, मैदान आहे का, वर्गात मुलं किती, हे सगळं नंतर. आजोबा मराठीचा हट्ट धरतात, कारण हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा दर १ नोव्हेंबरचा काळा दिन त्यांनी पाळलेला असतो. वडील म्हणतात इंग्लिश मीडियम, कारण उद्यमबागेतल्या कारखान्यात आत बसायची जागा कुणाला मिळते आणि भट्टीपुढे कोण उभं राहतं, ते त्यांना रोज दिसतं. शेजारचे अण्णा सुचवतात, कानडीत घाला, पुढं सरकारी नोकरीला बरं पडतं. आईला कुणी विचारत नाही. शेवटी अभ्यास तिनंच घ्यायचा असतो.

या ओढाताणीतून बहुतेक घरं इंग्रजी माध्यमाकडं वळतात. मूल दहा वर्षांचं होईतो चित्र असं दिसतं: घरात मराठी बोलतं, वर्गात इंग्रजी उतरवून घेतं, परीक्षेपुरतं कानडी पाठ करतं आणि टीव्हीवरची हिंदी सगळ्यांत सफाईनं बोलतं. चार भाषा येतात म्हणून पाहुण्यांपुढं कौतुक होतं. त्याच मुलाला यांतल्या कुठल्याही एका भाषेतलं अर्धं पान वाचायला द्यावं आणि पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांग म्हणावं. बऱ्याचदा ते गप्प राहतं. हुशारी कमी म्हणून नव्हे. विचार करण्याइतकी खोल अशी एकही भाषा त्याच्याजवळ झालेली नसते.

घरी शिकवण्याचा निर्णय या भागात ज्या कारणांनी घेतला जातो, त्यांत हे सगळ्यांत वजनदार. बाकीची कारणंही आहेत. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वाटा बंद होतात. लहान गावांतल्या मराठी शाळांत पट घटत गेला की चार इयत्तांना मिळून एकच शिक्षक उरतो, आणि कितीही मनापासून शिकवलं तरी तो एका इयत्तेला दिवसातून तास-सव्वा तासच देऊ शकतो. एखाद्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात, एखादं वर्गाच्या दोन वर्षं पुढं असतं. पण एक कारण असंही आहे, जे उघड बोललं जात नाही: कानडी टाळायची.

ते कारण टिकत नाही.

म्हणजे कायद्यानं टिकतं, खरं तर. २०१५च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं राज्यातल्या शाळांना पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कानडी पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक झालं. तो कायदा शाळांना आहे. घरी शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देणारं मूल कानडीचं एकही अक्षर न गिरवता पास होऊ शकतं. सापळा इथंच आहे. त्या मुलाच्या घरची वीजबिलं हेस्कॉमची येतात ती कानडीत, जमिनीची पहाणी, म्हणजे इथला सातबारा, कानडीत, एसटीची पाटी कानडीत. शाळेतलं मूल निदान पाठ करून का होईना अक्षर ओळखतं. घरच्या शाळेतलं मूल अठराव्या वर्षी आपल्याच बापाच्या शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतं. आपल्या भाषेचा अभिमान आणि शेजारच्या भाषेचं अज्ञान यांची गल्लत व्हायला लागली, की नुकसान पोराचं होतं, दिल्लीत पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचं नव्हे.

तेव्हा घरी शिकवायचं तर कानडी जास्त नीट शिकवायला लागते, कमी नव्हे. आणि ती घरी छान येते, कारण शाळेत होणारी मुख्य चूक इथं टाळता येते. ती चूक म्हणजे बोलणं येण्याआधी लिपी. सहा-सात वर्षांपर्यंत कानडी फक्त कानानं जाऊ द्यावी. भाजीवालीशी, शेजारच्या अक्कांशी, दूधवाल्याशी. देवनागरी पक्की झाली, म्हणजे मूल न अडखळता गोष्टीचं पान वाचायला लागलं, की मग कानडी लिपी. दोन्ही लिप्या एकदम सुरू केल्या की दोन्ही कच्च्या राहतात.

कानडीत ४९ अक्षरं: १३ स्वर, अनुस्वार-विसर्ग हे दोन योगवाह आणि ३४ व्यंजनं. मराठी पालक साहजिकच क-ख-ग या ओळीनं सुरू करतो, कारण वर्णमाला तीच आहे. तसं करू नये. कानडीत गोंधळ उडतो तो आकारांचा. द, ध आणि थ हे जवळजवळ एकाच आकाराचे. एकाच्या पोटात टिंब, एकाला खाली चीर, एक मोकळा. व आणि म शेपटीपुरते वेगळे. प, फ, ष एका घरचे. ओळीनं शिकवलं तर हे सारखे दिसणारे भाऊ एका आठवड्यात समोर येतात आणि महिनाभर पाठ सोडत नाहीत. कर्नाटकातलं पहिलीचं कानडी पुस्तक 'र ग स द अ' या पाच अक्षरांनी सुरू होतं, त्यात शहाणपण आहे. पाचही एकमेकांपासून वेगळी दिसतात आणि लगेच शब्द जमतात: अरस म्हणजे राजा, अगस म्हणजे परीट, गरगस म्हणजे करवत. पुढचा गट 'ज व म ब न'. त्यात 'मर' हा शब्द येतो. कानडीत मर म्हणजे झाड. मराठी पोरं यावर दोन दिवस हसतात आणि तो शब्द जन्मात विसरत नाहीत.

आठवड्याला चार-पाच अक्षरं, रोज वीस मिनिटं. दहा-अकरा आठवड्यांत अक्षरं होतात. मग कागुणित, म्हणजे आपली बाराखडी. इथं मराठी मुलाला एकच गोष्ट खरोखर नवी असते: कानडीत ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपल्या कानाला तो फरक ऐकू येत नाही, म्हणून आपण तो लिहीतही नाही. बेळगावीतला बे ऱ्हस्व, गोकाकमधला गो दीर्घ. रोज तोंडात असलेली ही दोन नावं लावून म्हणून दाखवली तर पोरगं नियमाशिवायच पकडतं.

त्यानंतर जोडाक्षरं, आणि इथं बरीच मुलं अडकतात. कारण साधं आहे. देवनागरीत पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. कानडीत उलट: पहिलं पूर्ण उभं राहतं आणि दुसरं लहान होऊन त्याच्या खाली लोंबतं. त्याला ओत्तू म्हणतात. शिवाय रफार आपल्याकडं डोक्यावर बसतो, तर कानडीत अक्षराच्या उजवीकडं. 'धर्म' लिहिताना मराठी मूल हमखास चुकतं, कारण आधी उच्चारलेला र नंतर लिहायचा असतो. यावर सोपा उपाय बसस्थानकात आहे. निपाणीची पाटी कानडीत 'निप्पाणि' असते, चिकोडीची 'चिक्कोडि', हुक्केरीची 'हुक्केरि'. तिन्ही पाट्यांवर तेच अक्षर स्वतःच्याच खाली लोंबतंय. अर्धा तास सेंट्रल बसस्टँडवर उभं राहून पाट्या वाचायच्या, खानापूर आणि अथणी या बिनओत्तूच्या सोप्या आधी, मग या तीन. पुस्तकातला धडा आठ दिवसांत जे करत नाही ते तिथं होतं, कारण पाटी वाचली नाही तर बस चुकते.

शब्दांची भीती तर फारच कमी असायला हवी. अण्णा, अक्का, अप्पा आपलेच आहेत. तूप तिकडं तुप्प. हुडकायला तिकडं हुडुकु. अडकित्ता मोडून दाखवला तर पोरांचे डोळे चमकतात: अडिके म्हणजे सुपारी, कत्ति म्हणजे सुरी. इथली बोली तर आधीच अर्ध्या वाटेवर उभी आहे. 'काय करूलालास?' असं विचारणाऱ्या घरात कानडीची लय परकी वाटत नाही.

आता गणित. त्यातही कानडी कामाला येते, हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी. सहा-सात वर्षांचं मूल ऐकलेल्या क्रमानं ५२ लिहितं आणि मार खातं. कानडीत पंचवीसला इप्पत्तैदु म्हणतात: इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच, बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच. २०१९मध्ये महाराष्ट्राच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा केवढे विनोद झाले. सीमाभागातल्या मुलाला त्या वादाशी काही घेणंदेणं नाही. त्याला दशक-एकक समजेपर्यंत आकडे कानडीत मोजू द्यावेत, मग एकवीस ते नव्व्याण्णव मराठीत पाठ करून घ्यावेत. पाठ करावेच लागतात. एकोणसाठ कशाला म्हणतात ते तर्कानं कळत नाही.

आणि जिथं मराठी पुढं आहे तिथं मराठी. अपूर्णांकांसाठी आपल्या भाषेत जेवढे चटपटीत शब्द आहेत तेवढे शाळेत पोचतच नाहीत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि साडेतीनला औट. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे आजोबांच्या पिढीनं म्हटलेले आहेत. घरात एखादी पायली किंवा निदान चिपटं-मापटं शिल्लक असेल तर माळ्यावरून खाली काढावं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. म्हणजे एका पायलीत सोळा चिपटी. घरातले तांदूळ जमिनीवर चादरीवर ओतून हे मोजायला लावावं.

गंमत अशी की दोन मुलं मोजायला बसली तर उत्तर जुळत नाही. एकाचं सोळा येतं, दुसऱ्याचं चौदाच. मोठी माणसं लगेच म्हणतात, नीट मोज. पण दोघांनीही नीटच मोजलेलं असतं. एक जण चिपट्यावर हात फिरवून सपाट करतो, दुसरा शीग लावतो. शिगेचं माप आणि सपाट माप यांतला फरक चादरीवर पडलेला दिसतो, आणि माप ठरवून घेतल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही हे विज्ञानातलं पहिलं तत्त्व कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय कळतं. मग तीच पायली वजनकाट्यावर ठेवावी. तांदूळ, भात, नाचणी, तिन्हींचं वजन वेगळं येतं. वही घेऊन लिहून काढायचं. अकरा वर्षांच्या मुलाला यातून घनतेपर्यंत नेता येतं आणि सहा वर्षांच्या मुलाला निम्मं-दुप्पट. एका चादरीवर दोन इयत्ता.

परिसर अभ्यासात मात्र पालकाला हातानं काम करावं लागतं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, चंदगड-गडहिंग्लजच्या दुकानांत छापील मिळतात, आणि भाषा-गणिताला ती उत्तम आहेत. छापील पुस्तकच घ्यावं. सगळं पुस्तक घरी छापून काढलं तर शाईतच त्याची किंमत निघते. पण त्यांतला भूगोल महाराष्ट्राचा. तिसरीचं परिसराचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघतं, त्यात कोल्हापूरचं आहे, बेळगावचं असणार कसं? कर्नाटकाच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांत जिल्हा सापडतो, तिथं मात्र मराठी अधूनमधून भाषांतराची होते, मूल वाक्यात ठेचकाळतं. म्हणून भाषा महाराष्ट्राची आणि परिसर कर्नाटकाचा अशी सरमिसळ करावी लागते. इतिहासातही दोन्ही हवं. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक हवंच आणि १८२४ची कित्तूरची राणी चन्नम्माही हवी. कित्तूर याच जिल्ह्यात आहे, आणि येळ्ळूरचा राजहंसगड सुट्टीच्या दिवशी चढून येण्यासारखा आहे.

भूगोलाचा सगळ्यांत चांगला धडा कणकुंबीला आहे. मलप्रभा तिथं उगम पावते, पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला लागते. त्याच डोंगराळ भागातून म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एका डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत कसा वाटला जातो, ते पोरांना हातानं करून दाखवायला परातीत ओल्या मातीचा एक लांब उंचवटा करायचा आणि वरून चाळणीनं पाणी सोडायचं. माती फार ओली असली की कणा ढासळतो आणि सगळं पाणी एकाच बाजूला जातं, म्हणून माती लाडू वळण्याइतपतच ओली हवी. नंतर नकाशा दाखवावा. आधी नकाशा दाखवला तर परात नुसता खेळ होते.

हे सगळं दिवसात बसवायचं कसं, इथं बहुतेक घरं पहिल्या महिन्यात चुकतात. ती शाळाच घरात आणून बसवतात. दहा ते पाच वेळापत्रक, तासाची घंटा, गणवेश नाही एवढंच. साधारण तिसऱ्या आठवड्यात आई रडकुंडीला येते आणि मूल टेबलाखाली. कारण असं की चाळीस जणांच्या वर्गात एकेका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचं थेट लक्ष मिनिटांत मोजण्याइतकं येतं, बाकी वेळ वाट पाहण्यात, उतरवून घेण्यात, रांगेत जातो. घरी समोरासमोर अर्धा तास म्हणजे मुलावर सतत नजर. ते थकतं. सहा ते आठ वयाला टेबलाशी दीड तास पुरतो, तोही दोन तुकड्यांत. नऊ ते अकरा, अडीच तास. बारानंतर चार. यापलीकडं रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं, मूल स्वतः वाचायला लागल्यावरही. हे वाचन सगळ्यांत आधी सुटतं आणि तेच सुटायला नको. पुस्तकांसाठी बेळगावात १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि कानडीतही फुकट वाचता येते. तीच गोष्ट आधी मराठीत, आठवड्यानं कानडीत, असा क्रम ठेवला तर अर्थाची अडचण राहत नाही.

पावसाळा वेगळा धरावा. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेतो खानापूर बाजूला वीज जाते, नेट जातं, घरात ओल येते. ज्या घरांनी सगळा अभ्यास मोबाइलवर बांधलेला असतो त्यांचे अडीच महिने वाया जातात. मे महिन्यातच पुस्तकं, सरावाचे कागद घेऊन ठेवावेत.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खेड्यात, शेतीच्या किंवा मागाच्या घरात मूल घरी आहे म्हणजे ते हाताशी आहे, असा अर्थ लगेच होतो. वडगावात कांड्या भरायला, निपाणीकडं विड्या वळायला, रोपलावणीला, धाकट्याला सांभाळायला. मुलगा असेल तर निरोप पोचवतो, मुलगी असेल तर तिचा दिवसच जातो. 'घरीच शिकते' हे वाक्य मुलीच्या बाबतीत तीन वर्षांत 'घरीच असते' असं होऊ शकतं, कुणी वाईट नसतानाही. ज्या घरात सकाळचे दोन तास कुणीही मोडणार नाही अशी खात्री देता येत नाही, त्या घरानं मुलीला शाळेतून काढू नये. तसंच, शाळेतलं दुपारचं जेवण आणि दूध हे ज्या घराला हातभार लावतं, त्या घरालाही हा सल्ला देण्याचा कुणाला अधिकार नाही. घरची शाळा ही ज्यांच्याकडं एक मोकळं मोठं माणूस आणि एक रिकामी खोली आहे त्यांची गोष्ट आहे, हे मान्य करून पुढं बोलावं.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू, वय सहा ते चौदा. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकवण्याचं नावच त्यात नाही. चौथं कलम जास्त उपयोगाचं: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा. म्हणजे दोन वर्षांनी नाही जमलं तर दार उघडं असतं. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत कधी एखाद्या बाई दारात येतात. वाद घालू नये, त्या त्यांचं काम करतात. दर महिन्याला तारखेसह एक पान, काय वाचलं, काय लिहिलं, दोन-तीन कागद जोडलेले, अशी एक फाइल असली की बोलणं पाच मिनिटांत आटपतं. ती फाइल कानडीत थोडी भरलेली असेल तर आणखी लवकर.

राज्यघटनेतलं ३५०अ हे कलम, अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात असं सांगणारं, १९५६ सालचं आहे. राज्यपुनर्रचनेचंही साल तेच. इथं ते कलम सभेत पाठ म्हटलं जातं. घरच्या शाळेला त्याचा प्रत्यक्ष उपयोग शून्य.

खरी अडचण पुढं येते, कागदांची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी पूर्ण १४ वर्षांनंतर देता येते. आठवी पासचा दाखला नसला तर स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा बसता येतं. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. गणित एप्रिलला, विज्ञान ऑक्टोबरला असं करता येतं आणि तसंच करावं. राज्याच्या एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, ६२५ गुणांत पहिली भाषा एकटीच १२५ची, आणि तिथं मराठी पहिली भाषा घेता येते. मुक्त विद्यालयात भाषेला असं वजन नाही. ज्यांनी मराठीसाठी हा सगळा खटाटोप मांडला त्यांना हे जरा कडू लागतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे पुढचे प्रवेशाचे नियम बारावीत उघडून बघणं. कर्नाटकाच्या सीईटीला राज्यात किमान ७ वर्षं शिकल्याची मुख्य अट आहे, आणि ती मान्यताप्राप्त शाळांची वर्षं असतात. घरी घालवलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत. आई किंवा वडील राज्यात ७ वर्षं शिकले असतील तर वेगळ्या कलमातून वाट निघते, पण त्यासाठी मुलानं पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षं इथं करायची आणि आईबापांचे जुने दाखले शोधून काढायचे. महाराष्ट्रानं आपल्याकडं मागितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी सोय ठेवली आहे, तिथं मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. असा दाखला एरवी शाळेतून मिळतो. घरी मराठी शिकलेल्या मुलाला आपण मराठी आहोत हे सिद्ध करायला शाळेचा कागद हवा, असा हा प्रकार. जातीच्या दाखल्यालाही शाळेची नोंद विचारतात. म्हणून बरीच घरं मधला मार्ग काढतात: पहिली ते चौथी मराठी शाळेत नाव आणि हजेरी दोन्ही, मग पाचवी ते आठवी घरी, आणि नववीला पुन्हा शाळा किंवा मुक्त विद्यालय. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेताना मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' आहे का आणि नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे का, हे तिथल्या तिथं बघावं. नंतर दुरुस्तीला खेटे पडतात.

चौदाव्या वर्षी मुक्त विद्यालयाचा अर्ज भरायला बसलं की एक रकाना येतो: माध्यम. मराठी आहे, इंग्रजी आहे. इतकी वर्षं गल्ली विचारत होती तोच प्रश्न, फक्त आता उत्तर मुलानं द्यायचं. आजोबांना आणि अण्णांना त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसवावं. मुलाला दोन कोरे कागद द्यावेत, विज्ञानातला एकच प्रश्न, समजा मलप्रभेच्या धरणात पाण्याचं काय काय होतं असा, आणि प्रत्येक भाषेत वीस मिनिटं. ज्या कागदावर खोडाखोड कमी आणि मजकूर जास्त, ते माध्यम. तिसरा कागद कानडीचा द्यावा का, हे त्या घरावर आहे. दिला तर त्याच्यावर निदान चार ओळी असायला हव्यात.